कॉलेजातल्या आपल्या ख्रिस्ती मुलांना 'देवानं मला कशासाठी घडवलं' हे शोधायला मदत कशी करावी?

रेल्वेलाईन_सोलापूर

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

मी सोलापुरात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं काम बघतो. संघातली बहुतेक मुलं कॉलेजात आहेत. कुणी दयानंदला, कुणी संगमेश्वरला, कुणी वालचंदला, दोघी नर्सिंगला, एक जण पॉलिटेक्निकला. निम्म्या घरांत मराठी बोलतात, निम्म्या घरांत तेलुगू. गुणी मुलं आहेत. उपासनेत पेटी-तबला तीच वाजवतात, नाताळात रात्रभर कॅरोलला तीच फिरतात.

मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात बायबलमधलं यिर्मया २९:११ घेतलं. देव म्हणतो, तुमच्यासाठी माझ्या योजना हिताच्या आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याच्या. हे वचन आपल्याकडे निम्म्या घरांच्या भिंतीवर असतं. वर्ग संपल्यावर बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, "सर, देवाची माझ्यासाठी योजना आहे हे मी मानतो. पण ती मला कळणार कशी? बँकेच्या परीक्षा देऊ की एम.बी.ए.चा फॉर्म भरू? चुकीचा फॉर्म भरला तर योजना हुकली का?" या धास्तीनं त्यानं कुठलाच फॉर्म भरलेला नाही.

आपण मुलांना शिबिरं देतो, संदेश देतो, स्पर्धा देतो. पण विशीतल्या मुलाच्या शेजारी बसून त्याचं आयुष्य त्याच्याबरोबर उलगडून बघायला आपल्यापैकी किती जण बसतात? माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या कॉलेजच्या दिवसांत कुणी काय केलं म्हणून तुम्हाला दिशा सापडली? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

शेंगाचटणी

आधी पोरांना घरी जेवायला बोलवा की ओ. भरल्या पोटी निम्मे प्रश्न सुटतात :)

हुतात्मा_एक्सप्रेस

माझं सगळं बालपण तुमच्याच भागात गेलं. बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. ज्या रविवारी निघालो त्या दिवशी मंडळीत उभं करून माझ्यासाठी प्रार्थना झाली, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मला मंडळीतून एकही फोन आला नाही. पुण्यात चर्चं भरपूर, पण अनोळखी शहरात एकट्यानं चर्चच्या दारातून आत जायला अठराव्या वर्षी फार धीर लागतो. पहिली दोन वर्षं मी गेलोच नाही.

मग हॉस्टेलवरच्या एका केरळी सीनियरनं ओढून नेलं. तो युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियाच्या गटात होता. ही संघटना १९५४ पासून कॉलेजांमध्ये काम करते आहे. गट छोटासाच होता. कुणाच्या तरी खोलीत जमायचो, एक उतारा वाचायचो, चहा प्यायचो. पण तिथं पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तू कोडिंग का शिकतोस? मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधण्यात पुढची दोन वर्षं गेली आणि ती माझ्या कॉलेजची सगळ्यात चांगली वर्षं होती.

म्हणून माझं मागणं एकच. सोलापुरातून दर जूनमध्ये पोरं पुण्या-मुंबईला जातात. पाठवताना तिथल्या एका घराचा पत्ता हातात द्या, आणि त्या घरालाही आधी फोन करून ठेवा.

मिरजेची_सिस्टर

मी अक्कलकोट तालुक्यातली. मला पाचारण, म्हणजे देवाची हाक, वगैरे काही झालं नव्हतं. बारावीला मेडिकलसाठी मार्क कमी पडले म्हणून नर्सिंगला गेले, तेही रडत. मिरजेला शिकले. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं दवाखाना सुरू केला, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. माझ्या मनावर तिचा काही परिणाम झाला नाही. मला घरी जायचं होतं.

दुसऱ्या वर्षी जळीत वॉर्डात ड्यूटी लागली. एक आजी होत्या, स्टोव्हच्या भडक्यात दोन्ही हात भाजलेले. पट्टी बदलायच्या आधी जुनी पट्टी सलाईनच्या पाण्यानं भिजवून सैल करायची असते. घाई केली तर नवी येणारी कातडीही निघते. आमच्या सिस्टर ट्यूटर माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. मी पाणी सोडत होते, त्या आजींशी त्यांच्या नातवंडांबद्दल बोलत होत्या. पट्टी सुटायला बराच वेळ गेला. आजी ओरडल्या नाहीत. बाहेर आल्यावर ट्यूटर म्हणाल्या, "तुझे हात सावकाश आहेत. हे शिकवून येत नाही. देवानं दिलंय, सांभाळ."

त्या दिवसापर्यंत मला माझ्याबद्दल असं काही ठाऊक नव्हतं. मला वाटतं मुलांना स्वतःच्या देणग्या आतून दिसत नाहीत, त्या कुणीतरी बाहेरून बघून सांगाव्या लागतात. आणि बघायला तिथं शेजारी असावं लागतं.

होटगीरोड_पालक

सगळं छान आहे, पण मी जरा वेगळं बोलणार आहे.

माझ्या आईनं विड्या वळून आम्हा भावंडांना शिकवलं. मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. माझा मुलगा बी.एस्सी. करतोय. त्यानं आयुष्याचा उद्देश शोधावा, माझी ना नाही. पण त्याच्या बहिणीची फी आहे, घराचा हप्ता आहे. आधी पगार सुरू व्हावा. ज्यांच्या घरी दोन पगार येतात त्यांच्या मुलांना उद्देश शोधत बसता येतं. आमच्या मुलांना तुम्ही या नादाला लावलं आणि तो स्पर्धा परीक्षा सोडून 'देवाची हाक ऐकतोय' म्हणून घरी बसला, तर त्याचा खर्च संघ करणार का?

राग मानू नका. बापाचं काळीज आहे.

रेल्वेलाईन_सोलापूर

@होटगीरोड_पालक, राग कसला? हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तुमच्या आईंनी विड्या वळल्या तो उद्देशच होता. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या मुलाला ती गोष्ट पूर्ण माहीत आहे का? दिवसाला किती विड्या, पानं भिजवायची कधी, हप्त्याला हातात काय यायचं? आमच्या संघातल्या मुलांना आजी-आजोबांनी काय सोसलं हे जवळजवळ काहीच माहीत नसतं.

निवृत्त_पाळक

यिर्मयाचा विषय निघाला म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

२९:११ हे वचन एकेका माणसाच्या करिअरसाठी लिहिलेलं नाही. ते पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला, बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्या लोकांना खोटे संदेष्टे सांगत होते की दोन वर्षांत सुटका होईल, सामान बांधून ठेवा. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते. आणि मग त्यांना सांगितलं काय? पाचव्या वचनापासून वाचा. घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलाबाळांचा संसार बघा. आणि सातवं वचन: ज्या नगरात तुम्हाला पाठवलं आहे त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे.

तेव्हा त्या बी.कॉम.च्या मुलाला माझा निरोप सांगा. फॉर्म दोन्ही भर. देवाची योजना तुझ्या एका फॉर्मवर अडून बसलेली नाही. तू सोलापूरचं हित बघतोस का, एवढं बघ. या गावात किती छोटे कारखानदार, किती बचत गट हिशेब जमत नाही म्हणून बुडतात. बी.कॉम. झालेल्या प्रामाणिक मुलाला इथं काम नाही असं कोण म्हणेल?

@होटगीरोड_पालक, तुमचं बरोबर आहे. पौल तंबू शिवून पोट भरत होता, प्रेषितांची कृत्ये १८:३. पगार आणि पाचारण एकमेकांचे वैरी नाहीत.

कडकभाकरी

पाळकसाहेब, हे प्रवचन आम्ही कॉलेजात होतो तेव्हा ऐकायला मिळालं असतं तर लै बरं झालं असतं.

दुसरं_वर्ष

मी तुमच्यापैकी एकाच्या संघात आहे, कोणाच्या ते सांगत नाही :)

सगळे मोठे लोक आमच्याविषयी बोलत आहेत म्हणून एक विद्यार्थिनी म्हणून लिहिते. आम्हाला दर रविवारी दोनच प्रश्न विचारले जातात. "अभ्यास कसा चाललाय?" आणि "पुढे काय?" माझ्या ताईला तिसरा विचारतात, तो तुम्हाला माहीत आहे. कुणीही आजवर विचारलं नाही की तू काय शिकतेस, त्यातलं तुला काय आवडतं. मी झूलॉजी घेतलंय. मला कीटक आवडतात. कापसावरची बोंडअळी कशी वाढते हे मी अर्धा तास सांगू शकते. मंडळीत हे ऐकणारं कुणी नाही.

दुसरं. उत्क्रांती शिकवायला लागले तेव्हा माझ्या मनात खूप गोंधळ झाला. कॉलेजात मैत्रिणी म्हणाल्या, तुम्ही लोक हे मानत नाही ना? चर्चमध्ये एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, परीक्षेत लिही आणि विसरून जा, प्रार्थना कर. मी प्रार्थना केली. प्रश्न गेला नाही. मला दोन ठिकाणी दोन मुली होऊन राहायचं नाहीये.

सातरस्ता_सर

@दुसरं_वर्ष, बाळा, छान लिहिलंस. मी फिजिक्स शिकवतो, चर्चमध्ये पेटी वाजवतो. दोन्हीकडे मी एकच माणूस आहे, तेव्हा तुलाही जमेल.

वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा ग्रेगोर मेंडेल मठात राहणारा संन्यासी होता. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला. विश्व प्रसरण पावतं असं १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू. उत्क्रांतीच्या अभ्यासातलं मोठं नाव थिओडोशियस डोबझान्स्की, तोही ख्रिस्ती. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स आपली श्रद्धा उघडपणे सांगतात. उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा वाचायचा यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत, जुने आहेत, प्रामाणिक आहेत. त्यातलं कुठलं मत तुझं, हे तू सावकाश ठरव. पण प्रश्न विचारल्यानं विश्वास कमी होतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आणि बोंडअळीवर मला खरंच ऐकायचंय. माझे सासरे बार्शी भागातले शेतकरी आहेत, त्यांनाही घेऊन येतो.

कृपा_शांती

मला हे सगळं वाचून काळजी वाटली. आपण मुलांना जगात चांगलं बस्तान बसवायला शिकवतोय. ख्रिस्ती तरुणाचा उद्देश एकच, प्रभूला ओळखणं आणि त्याची साक्ष देणं. कीटक, बँक, कोडिंग ही सगळी पोटापाण्याची साधनं झाली. कॉलेजात गेल्यावर किती मुलं प्रार्थना सोडतात, व्यसनाला लागतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी उपास-प्रार्थना, वचन पाठांतर, पवित्र जीवन. बाकीचं त्याच्यामागून मिळेल, मत्तय ६:३३.

निवृत्त_पाळक

@कृपा_शांती ताई, तुमची तळमळ मला कळते. पाया तोच आहे. पण दानीएलाचा पहिला अध्याय बघा. दानीएल आणि त्याचे तीन मित्र, ती चार मुलं कॉलेजच्याच वयाची असतील. परक्या राजाच्या दरबारात त्यांना तीन वर्षं शिकायला ठेवलं. खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकायची होती, म्हणजे परक्यांचं वाङ्मय. त्यांनी ते नाकारलं नाही. नावंसुद्धा बदलली, तेही सोसलं. राजाच्या ताटातलं अन्न मात्र घेतलं नाही. आणि सतराव्या वचनात म्हटलंय की विद्या आणि ज्ञान देवानंच दिलं. अभ्यासाच्या टेबलावरही देव होता.

मुलांना हेच शिकवायचं. काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं. सगळंच सोडा असं सांगितलं तर ती आपल्यालाच सोडून जातात.

कृपा_शांती

पाळकसाहेब, दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत होता, तेही तिथंच लिहिलंय, सहाव्या अध्यायात. तेवढं मात्र विसरू नका.

निवृत्त_पाळक

विसरणार नाही ताई. तुम्ही संघात येऊन हे मुलांना स्वतः सांगा. तुमच्या प्रार्थनेवर किती घरं उभी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे.

नवीपेठ_नाना

मी ख्रिस्ती नाही, पण शेजार सगळा तुमचाच. नाताळच्या आधी आमच्या गल्लीतून पत्र्याचे डबे घेऊन बायका बेकरीत जायच्या, पीठ-तूप-साखर घरची, भट्टी बेकरीवाल्याची. नानकटाई भाजून घेऊन यायच्या आणि पहिला डबा आमच्याकडे यायचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही त्यांच्या पोरांना खांद्यावर बसवून न्यायचो. ती गंमत आता राहिली आहे की नाही कुणास ठाऊक.

कडकभाकरी

नाना, राहिली आहे की ओ. आमच्या घरी अजून पीठ मळून बेकरीत जातं. फक्त आता डबा घ्यायला पोरगा दुचाकीवर जातो आणि निम्मी नानकटाई रस्त्यातच संपते.

नवीपेठ_नाना

हा हा. बरं, मूळ मुद्दा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० चा जन्म. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले. वय अवघं ३२. त्यांचा धर्म वेगळा, पण तुमच्या मुलांना त्यांच्या स्मारकावर एकदा घेऊन जा. आपल्याच गावच्या, शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलानं असा निर्णय घेतला हे पाहिलं की छाती भरून येते. आणि तिथं जाताना आमच्या गल्लीतली पोरंही न्या. हे प्रश्न त्यांनाही आहेत.

केडगाव_पॅसेंजर

नानांनी चांगलं सुचवलं. त्याच्या जोडीला पंडिता रमाबाईंच्या केडगावची सहल काढा. सोलापूर-पुणे मार्गावरच आहे, सकाळी निघून रात्री परत येता येतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मुलांना नीट तारखांसकट सांगायला हवं. १८५८ चा जन्म. दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात छोटी मनोरमा. तेव्हा त्यांना चोविसावं वर्ष चालू होतं. आपल्या बी.कॉम.च्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. केडगावला दुष्काळातल्या मुली आणल्या त्या पुढे. तिथं मुली विणकाम शिकल्या, दूधदुभतं बघायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. शेवटची वर्षं त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये गेल्या, ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं.

चोविसाव्या वर्षी त्यांना यातलं काय दिसत होतं? समोर जी विधवा मुलगी उभी राहिली तिच्यासाठी त्या पुढचं पाऊल टाकत गेल्या. कवी नारायण वामन टिळकांचंही तसंच. किती नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावं बदलली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिशी उलटली होती. लक्ष्मीबाई तर त्यांच्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या वाटेनं आल्या.

फॉर्म_भरणारी_ताई

सगळ्यांचं वाचलं, मनाला भिडलं. आता जमिनीवरचं सांगते. मी मंडळीतल्या मुलांचे महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचे, फॉर्म भरून देते.

मागच्या खेपेला शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री एक मुलगा आला. पॉलिटेक्निकचा. मोबाईलची काच तडकलेली, त्यावरच सगळं चाललेलं. आधार टाकलं की ओटीपी वडिलांच्या नंबरवर. वडील रात्रपाळीला यंत्रमागावर, तिथल्या आवाजात फोन ऐकू येत नाही. हा मुलगा सायकल मारत कारखान्यात गेला, वडिलांचा फोन घेऊन आला, तोवर पहिला ओटीपी बाद. दुसरा मागवला. मग कळलं बँक खातं आधारला जोडलेलंच नाही. त्या रात्री फॉर्म गेला नाही. वर्षाची फी वडिलांनी उसनी घेतली.

हा मुलगा हुशार आहे. त्याला आयुष्याचा उद्देश शिबिरात सापडला असेलही, पण त्या रात्री त्याला लागत होता एक लॅपटॉप आणि दोन महिने आधी आठवण करून देणारं माणूस. आपण नगराचं हित म्हणतो ना, ते इथून सुरू होतं असं मला वाटतं.

अल्पसंख्याकांसाठीची राज्य शिष्यवृत्ती वेगळी, ओबीसीची वेगळी, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती वेगळी. कुठली आपल्याला बसते हे जुलैतच ठरवायचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, त्याला वेळ जातो. कॉलेजच्या क्लार्ककडे अर्ज पुढे सरकला की नाही हे आठवड्याला बघायचं.

आसरा_पूल

ताईंनी विषय काढलाच आहे तर अवघड भाग मी बोलतो. आपल्यापैकी पुष्कळ घरं दलित ख्रिस्ती आहेत. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना तो मिळाला. महाराष्ट्रात आपल्याला ओबीसीत धरतात. कागदोपत्री हे एवढंच. पण मुलाच्या मनात काय होतं? शाळेच्या दाखल्यावर एक, मंडळीच्या रजिस्टरात एक, आणि कॉलेजात मित्रानं जात विचारली की जीभ अडखळते. चर्चमध्ये हा विषय कुणी काढत नाही. मग तो मुलगा स्वतःला कशासाठी घडवलं हे काय शोधणार? आपण कोण, हेच त्याला मोकळेपणानं बोलता येत नाही.

माझी विनंती, एक बैठक फक्त यावर घ्या. वकील बोलवा, घरातली जुनी माणसं बोलवा.

होटगीरोड_पालक

@आसरा_पूल, शंभर टक्के. माझ्या मुलानं मला हा प्रश्न विचारला होता. मी विषय बदलला होता.

सातरस्ता_सर

शेंगाचटणी यांनी वर जेवायला बोलवा असं लिहिलं ते लोकांनी हसण्यावारी नेलं असेल, पण ते शास्त्रशुद्ध आहे. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला, १ राजे १९. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. पुढचं काम काय ते नंतर, डोंगरावर सांगितलं.

आपल्या मुलांत कुणी सतत गप्प असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला विश्वास कमी आहे असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर संघाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

शेंगाचटणी

सर, तुम्ही माझ्या कमेंटला शास्त्रवचनाचा आधार दिलात, आता घरी बायकोला दाखवतो :) पण खरंच, महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमच्या घरी या. आठ-दहा पोरं आरामात बसतील. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी. तेलुगू घरातल्यांनी लोणचं आणावं.

मिरजेची_सिस्टर

नर्सिंगला जायचा विचार असलेल्या मुली असतील तर त्यांच्याशी मी बोलेन. मुलगेही. जी.एन.एम. हा डिप्लोमा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, दोन्हींत फरक काय, बाँड म्हणजे काय, रात्रपाळी खरंच कशी असते, सगळं खरं सांगेन. गोड करून सांगणार नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

पुण्यात येणाऱ्या मुलांसाठी माझं घर लिहून घ्या. पहिल्या रविवारी स्टेशनवर घ्यायला मी येईन. बायकोनंही होकार दिलाय.

रेल्वेलाईन_सोलापूर

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. मी आणि पाळकसाहेब काल बसलो होतो, ठरलं ते सांगतो.

संघाच्या शनिवारच्या बैठकीत आता दर वेळी एक विद्यार्थी आपला विषय शिकवेल. पहिली बोंडअळी. सर, सासऱ्यांना आणाच. दुसऱ्या शनिवारी मंडळीतलं कुणीतरी आपल्या कामाबद्दल बोलेल, पगार किती आणि चुका काय यासकट. @होटगीरोड_पालक, तुम्ही आणि शक्य असेल तर तुमच्या आई, अशी सुरुवात करावी अशी आमची इच्छा आहे. आसरा_पूल यांची बैठक पुढच्या महिन्यात. कोटणीस स्मारक आणि केडगाव परीक्षा झाल्यावर, नानांच्या गल्लीतल्या मुलांना घेऊन. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मोठं माणूस, वर्षभर, नावं आम्ही रविवारी वाचून दाखवू. त्या माणसानं उपदेश करायचा नाही, महिन्यातून एकदा भेटायचं, विचारायचं आणि ऐकायचं. कृपा_शांती ताई पहाटेची प्रार्थना घ्यायला तयार आहेत, ज्या मुलांना यायचंय ती येतील.

त्या बी.कॉम.च्या मुलाला मी यातलं बरंच वाचून दाखवलं. यिर्मयाचं पत्र त्यानं पूर्ण वाचलं. त्यानं बँकेचा फॉर्म भरलाय, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी फॉर्म भरणाऱ्या ताईंना मदतीला बसणार आहे. पुढचं पुढे.

होटगीरोड_पालक

आई यायला तयार आहे. सूप आणि कात्री घेऊन येते म्हणाली, तेंदूपत्ता मिळाला तर करूनच दाखवेन म्हणते. तिच्या मांडीला त्रास होतो, खाली बसता येत नाही, तेव्हा एक बुटकं टेबल लागेल.

दुसरं_वर्ष

आजींना मी रिक्षानं घेऊन येईन. काका, पत्ता पाठवा. आणि सर, माझ्याकडे बोंडअळीचे नमुने आहेत बाटलीत, चर्चच्या हॉलमध्ये आणले तर चालतील ना?

सातरस्ता_सर

चालतील. झाकण घट्ट लाव.

फॉर्म_भरणारी_ताई

या शनिवारपासून संध्याकाळी सहा ते आठ मी हॉलमध्ये बसते आहे. येताना उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, ओबीसीतून भरणार असाल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर, आधारला जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक घेऊन या. खातं जोडलेलं आहे का हे बँकेत आधी विचारून या. आणि ज्यांच्या आधारला वडिलांचा नंबर आहे त्यांनी वडिलांनाच बरोबर आणा, चहा मी करते.